पापुद्रा मावशी

वनस्पतिशास्त्र विभागात देठांचे पातळ काप काढायचं एक यंत्र होतं. ते कित्येक वर्षं बंद पडलं होतं आणि ते दुरुस्त करून घ्यायची कुणाला घाईही नव्हती, कारण मावशी चालू होत्या.

कागदोपत्री मावशी प्रयोगशाळेतल्या परिचर. काचेची भांडी धुणं, उकळणं, पुसून कपाटात लावणं, एवढंच त्यांचं काम. पण विद्यार्थी त्यांना पापुद्रा मावशी म्हणत. साध्या वस्तऱ्यानं त्या वाटाण्याच्या कोवळ्या देठाचा इतका पातळ काप काढत की पाण्यात पडला की तो दिसेनासाच व्हायचा. नवखी मुलं काचेच्या वाटीत डोकावून म्हणायची, "मावशी, यात तर काहीच नाही." मावशी शांतपणे म्हणायच्या, "आहे. चष्मा पुसून ये."

ही विद्या त्यांना कॉलेजनं दिली नव्हती. वडिलांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा, आणि मागे एक पडदा. पडद्यामागे बसून मावशी वस्तऱ्यांना धार लावायच्या. आधी दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर. "पोरीच्या हातात कुणी गळा द्यायचा नाही," वडील म्हणायचे, "पण तुझ्या धारेवर सगळे देतात." चौदा वर्षं आसपासच्या तमाम गालांवरून मावशींची धार फिरली आणि एकाही गालाला त्याचा पत्ता लागला नाही. वस्तरा दाबायचा नसतो, ओढायचा असतो. पात्यावर धरलेला केस आपणहून पडला पाहिजे, पाडावा लागता कामा नये. मावशींचं सगळं शिक्षण म्हणजे एवढंच.

पुढे वडिलांच्या हातांना कंप सुटला. कुणाच्या गालाला ओरखडासुद्धा उठायच्या आत त्यांनी स्वतःच दुकानाची पाटी उतरवली. ते लेकीकडे राहायला आले आणि लेक कॉलेजात भांडी धुवायला लागली.

चार वर्षं तिनं मान वर करून पाहिलं नाही. मग एक दिवस विभागप्रमुख सर पहिल्या वर्षाच्या मुलांना काप काढायला शिकवत होते. गाजराच्या तुकड्याला चीर द्यायची, तिच्यात देठ धरायचं, आणि गाजरासकट वस्तऱ्यानं कापायचं. मुलांचे काप असे निघत होते की दाराखाली पाचर म्हणून ठोकावेत. मावशी बेसिनपाशी उभ्या होत्या. त्यांना ते बघवेना.

"सर, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण या वस्तऱ्यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही."

वर्ग हसला. सरही हसले. "मग तुम्हीच दाखवा कापून."

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणाल्या, "पट्टा काढ." वर्ग आणखी मोठ्यानं हसला. त्या कातडी पट्ट्याचं एक टोक त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवलं, दुसरं डाव्या हातात ताणून धरलं आणि वस्तरा त्यावर पन्नास-साठ वेळा खालीवर फिरवला. मग एकच काप काढला. सरांनी तो कुंचल्यानं उचलून काचपट्टीवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"या, बघा," सर बाजूला होत म्हणाले.

मावशींनी पाहिलं. कुणी गवंड्यानं ओळंबा लावून बांधाव्यात तशा खोल्यांच्या रांगा. प्रत्येक खोलीला स्वतःच्या चार भिंती. आपण आत्ता यातली एकही भिंत न पाडता कापलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि तोंडावर हसू पसरलं ते दिवसभर काही केल्या जाईना.

तेव्हापासून विभागातला प्रत्येक महत्त्वाचा काप त्यांच्या हातून गेला. भांडी धुणं सुटलं नाही, ते सोमवारी आणि गुरुवारी ठरलेलंच होतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाल्यावर एक संशोधक मुलगी विभागात आली. मुलगी म्हणायची, पण तिशीला टेकलेली. मावशी तिला ताई म्हणत. ती वाटाणे अंधाऱ्या खोलीत रुजवायची आणि रोपांना वेगवेगळी संप्रेरकं देऊन देठं कशी वाढतात ते पाहायची. मावशी काप काढत असताना तिचं तोंड सुरू असे, आणि मावशींना ते आवडे.

"झाडाला मेंदू नाही की नसा नाहीत, मावशी. मग शेंड्याचा निरोप खाली कोण नेतं? तर ही संप्रेरकं. कणभर पुरतात. एक शेंड्यात तयार होतं आणि खाली उतरता उतरता पेशींच्या भिंती सैल करतं. भिंत सैल झाली की आतलं पाणी तिला ताणतं. दुसरं पेशींना सांगतं, एकाच्या दोन व्हा, दोनाच्या चार व्हा. आणि एक तर चक्क वायू आहे. तो म्हणतो, उंच जाऊ नकोस, जाड हो."

"आणि देठ ऐकतं?"

"निमूटपणे."

"आमच्या घरी पाठवा थोडं त्यातलं," मावशी म्हणाल्या. "पण नुसतं सांगून खोली रुंद कशी होते?"

ताईला हा प्रश्न फार आवडला. "पेशीच्या भिंतीत बारीक धागे असतात. लाकडी पिंपाभोवती लोखंडी पट्ट्या असतात ना, तसे आडवे गुंडाळलेले. त्यामुळे आत पाणी दाटलं तरी पेशीला जाडीत फुगता येत नाही. मग ती लांब होते. वायूचा निरोप आला की नवे धागे आडवे न पडता उभे पडायला लागतात. आता पिंपाच्या पट्ट्या उभ्या केल्या तर काय होईल?"

"पोट सुटेल," मावशी म्हणाल्या. "घरी येऊन कमरेचा पट्टा काढला की आमच्या ह्यांचं होतं तसं."

मावशींचे यजमान बस चालवत. त्या दिवसापासून आखूड, रुंद पेशींना प्रयोगशाळेत 'पोट सुटलेल्या' हेच नाव पडलं. सरसुद्धा एकदा तसं बोलून गेले आणि मग उगाच खोकले.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ताईचा प्रयोग बिघडला. ज्या रोपांना काहीच दिलेलं नाही, ज्यांच्याशी बाकीची सगळी ताडून पाहायची, त्यांची देठं उंच आणि सडपातळ यायला हवीत. ती येत होती, पण मध्येच एखाद्या खेपेला त्यांच्याही कापात पोट सुटलेल्या पेशी दिसत. पुढच्या खेपेला पुन्हा सडपातळ. त्याच्या पुढच्या खेपेला अर्धी अशी, अर्धी तशी. चार महिने हा खेळ चालला. ताईनं माती बदलली, बी बदललं, पाणी बदललं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी सरांनी तिला धारेवर धरलं. "तुमच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होतेय. वायू दिलेला ट्रे कुठला आणि न दिलेला कुठला, याचाच पत्ता नाही. महिनाभरात निस्तरा, नाहीतर विषय बदला."

ताई मावशींजवळ येऊन स्टुलावर बसली. रडली नाही, पण चष्मा काढून नुसतीच पुसत राहिली.

"चिठ्ठ्या मी स्वतः लावते, मावशी. दोनदा तपासते."

"मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या. चिठ्ठ्यांबद्दल त्यांना शंका नव्हतीच. त्यांच्या डोक्यात भलतंच घोळत होतं. "ताई, आपण काप नेहमी कुठून काढतो?"

"शेंड्याच्या दोन बोटं खालून."

"म्हणजे बाहीचा तुकडा बघून आख्खा सदरा कसा शिवलाय ते ठरवतो. आख्खं देठच उभं कापू या. मुळापासून शेंड्यापर्यंत."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. आडवा काप कुणालाही थोडाफार जमतो. उभा काप म्हणजे पातं केसभर कललं की एका रांगेतून शेजारच्या रांगेत घुसतं आणि सगळं मुसळ केरात. "हातानं? मावशी, देठ वीतभर आहे!"

"वीतभरच आहे ना? हातभर असतं तर विचार केला असता."

काहीच न दिलेल्या रोपांपैकी शनिवारी काढलेली सहा घेतली. प्रत्येक देठाचे नखाएवढे चौदा तुकडे, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, प्रत्येकाच्या बरोबर मध्यातून एक उभा काप. मावशी तीन दिवस त्या कामाला बसल्या होत्या. काप काढताना त्या श्वास सोडायच्या नाहीत. काप पाण्यात तरंगला की सोडायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी लांब टेबलावर पहिल्या देठाच्या चौदा काचपट्ट्या ओळीनं मांडल्या. ताई एकेक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायला लागली, आणि मावशी पेन्सिल घेऊन बसल्या.

"सडपातळ. सडपातळ. सडपातळ. पोट सुटलेल्या." ताई थांबली. "पोट सुटलेल्या. परत सडपातळ. सडपातळ... सडपातळ... मावशी, पुन्हा पोट!"

दुसरं देठ घेतलं. तेच. तिसरं, तेच. सहाही देठांत दोन पट्टे, जवळजवळ त्याच उंचीवर.

ताईचा आवाज चढला. "अहो, देठ शेंड्याकडे वाढतं. खालचं जुनं, वरचं नवं. ज्या दिवशी वायू लागला त्या दिवशी वाढत असलेल्या पेशी रुंद झाल्या, मग वायू गेला आणि वरच्या पुन्हा लांब झाल्या. देठानं रोजनिशी लिहिलीय! आणि आपण दर वेळी एकच पान वाचत होतो." तिनं वही ओढली. रोप रोज किती वाढतं याची मापं तिच्याकडे होतीच. दोन पट्ट्यांमधलं अंतर तीन दिवसांचं. वरचा पट्टा शनिवारच्या दोन दिवस आधीचा. "गुरुवार. आणि खालचा सोमवार. सोमवारी आणि गुरुवारी या खोलीत कुठून तरी वायू येतोय."

मावशींनी पेन्सिल खाली ठेवली. "आलेच," म्हणाल्या आणि शेजारच्या धुण्याच्या खोलीत गेल्या.

तिथं गॅसची शेगडी होती. भांडी उकळायचं विजेचं यंत्र जळालं तेव्हा ती आणून दिली होती, बरोबर चार महिन्यांपूर्वी. तिची ज्योत कधी निळी लागलीच नाही, नेहमी पिवळी आणि धुरकट. प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी तिच्यावर पाच-सहा तास मोठं पातेलं उकळायचं आणि त्याचं काळं पडलेलं बूड घासताना मावशी शेगडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. शेगडीच्या मागच्या भिंतीतून एक पाइप पलीकडे जात होता. पाइपाभोवती मूठ जाईल एवढी फट होती. पलीकडे अंधारी खोली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी त्या फटीकडे पाहत उभ्या राहिल्या. ताईचे चार महिने या फटीतून गेले होते. उद्या कुणी विचारलं, शेगडी कोण पेटवत होतं, तर उत्तर एकच होतं. आणि गप्प बसलं, फट गुपचूप बुजवली, तर कुणाला काही कळणारही नव्हतं. हे सगळं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण सहा देठांचे चौऱ्याऐंशी काप पलीकडे टेबलावर मांडून ठेवलेले होते, आणि त्यांतला एकही खोटं बोलत नव्हता.

त्या परत आल्या. "ताई, तो वायू मी सोडते," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

ताई धावत जाऊन शेगडी बघून आली. अपुरी जळणारी ज्योत तोच वायू थोडा थोडा सोडते, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. भिंतीपलीकडे जाऊन बघायचं मात्र सुचलं नव्हतं. तिनं येऊन मावशींना मिठीच मारली. वस्तरा पुसत बसलेल्या मावशी तो हात लांब करून "अगं, अगं, लागेल!" म्हणत राहिल्या. अहो-जाहो त्या दिवशी संपलं.

संध्याकाळी घरी ही हकिगत सांगितल्यावर यजमान म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण! कुणी विचारलं होतं का तुला?" वडील खाटेवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "वीतभर देठ, आणि उभे काप? एकही फाटला नाही?"

"दोन फाटले. ते पुन्हा काढले."

"दोनच," वडील जावयाकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? दोनच."

सरांनी मात्र एवढ्यानं मान डोलावली नाही. ते वाईट नव्हते, पण कुठलीही गोष्ट ठोकून बघितल्याशिवाय घेत नसत. "ठीक आहे," ते म्हणाले. "रोपं उगवली की आठवडाभर तुम्ही दोघीही या बाजूला फिरकायचं नाही. किल्ली माझ्याकडे. शेगडी मी पेटवीन, मला वाटेल त्या दिवशी. आठवड्यानं रोपं घ्या आणि मला दिवस सांगा."

आठवड्यानं रोपं हातात आली. वरून पाहता सगळी सारखीच पांढुरकी, उंच, मान वाकवलेली. मावशींनी पुन्हा वस्तरा पट्ट्यावर ओढला. दोन दिवसांनी दोघी सरांच्या खोलीत गेल्या. ताईनं वही उघडली, पण सर म्हणाले, "मावशींना सांगू द्या."

"मंगळवारी, सर. बराच वेळ. चार-पाच तास तरी."

सरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, मंगळवार, पाच तास. सर हसले. "बरोबर."

"आणि शुक्रवारी थोडा," मावशी म्हणाल्या.

"नाही," सर म्हणाले. "शुक्रवारी नाही. एकदाच पेटवली होती."

मावशींच्या डोळ्यांसमोर ते काप होते. "पट्टा बारीक आहे, सर, पण सगळ्या देठांत आहे. मी सहा वेळा पाहिलं. शुक्रवारी कुणीतरी शेगडी पेटवली होती."

"किल्ली माझ्याकडेच होती, मावशी. शुक्रवारी मी फक्त रोपांना पाणी..." सर मध्येच थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "शुक्रवारी मी चहा केला होता."

ताईनं वहीतून मान वर केली.

"आणि फोन आला म्हणून खाली गेलो. तास-दीड तासानं परत आलो तर शेगडी चालूच होती. चहाचं भांडं फेकून द्यावं लागलं." त्यांनी कागद पुढ्यात ओढला, आपल्या हातानं खाली 'शुक्रवार, दीड तास' असं लिहिलं आणि उठून उभे राहिले. मावशी ओशाळल्या. सर खुर्चीतून उठतात ते कुलगुरू आले तरच, हे त्यांना माहीत होतं.

"मी विसरलो होतो," सर म्हणाले. "देठ विसरलं नाही. आणि तुम्ही त्याला बोलतं केलंत."

विषय बदलायची भाषा त्यानंतर कुणी काढली नाही. उलट वाया गेलेले ते चार महिने ताईच्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण झाले: वायू केव्हा आणि किती वेळ लागला हे देठाच्या पेशींवरून कसं वाचायचं. प्रबंधाची तोंडी परीक्षा सभागृहात सर्वांसमोर झाली. ताईनं आग्रह करून मावशींना, यजमानांना आणि वडिलांना तिसऱ्या रांगेत बसवलं. यजमान ड्यूटीवरून थेट आलेले, गणवेशातच. पडद्यावर ते काप भिंतीएवढे मोठे दिसत होते. बाहेरून आलेले परीक्षक पुढे झुकून बराच वेळ पाहत राहिले.

"हे काप कोणत्या यंत्रावर काढलेत? आमच्याकडे परदेशी यंत्र आहे, पण कोवळ्या देठाची भिंत त्यात हमखास चुरगळते."

"यंत्र नाही, सर. हातानं," ताई म्हणाली आणि तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. मावशी उठायच्या आत वडीलच उठले. थरथरत्या हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ते ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी मुलगी आहे ती."

पुढचा महिनाभर यजमानांच्या बसमध्ये पहिल्या बाकावर जो बसेल त्याला पेशीची भिंत म्हणजे काय ते ऐकून घ्यावं लागलं.

पाइपाची फट बुजली, विजेचं नवं यंत्र आलं, शेगडी भंगारात गेली. काप काढायचं यंत्र दुरुस्त करायचं पुन्हा एकदा राहून गेलं. आणि अंधाऱ्या खोलीची किल्ली मावशींच्या कमरेला आली. आत कोण जाणार, काय घेऊन जाणार, हे आता त्या ठरवतात. परवाच सर डबा हातात घेऊन घाईघाईनं दाराशी आले. मावशी दारात आडव्या झाल्या.

"डब्यात काय आहे, सर?"

"जेवण. आणि एक केळं."

"पिकलेलं?"

"हो. का?"

"पिकलेलं फळ तोच वायू सोडतं. ताईनं सांगितलंय." मावशींनी हात पुढे केला. "केळं बाहेर राहील."

सरांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा त्यांच्या हाताकडे. मग डबा उघडला आणि केळं मुकाट्यानं त्यांच्या हातावर ठेवलं.